चार बोटं खाली

१० मार्च, सोमवार

मला आज बाहेर काढलं. दोन वर्षं हिला घेऊन दवाखाने फिरतोय, असं कधी कुणी केलं नव्हतं. मोठ्या इस्पितळातली तरुण डॉक्टरीणबाई हिला विचारत होती, कुठे दुखतं. मी सांगितलं, कंबर. बसलं की दुखतं, उभं राहिलं की जरा बरं. बाई म्हणाली, "आजोबा, मी आजींना विचारलं." मी म्हटलं, "तेच सांगतोय ना, कंबर." तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बसलो बाकावर. सगळे कागद पिशवीत, पिशवी मांडीवर. आतलं एक अक्षर ऐकू येईना. आपल्याच बायकोच्या दुखण्यातून आपल्यालाच हाकललं! बऱ्याच वेळाने दार उघडलं. ही मान खाली घालून बाहेर आली. बाई म्हणाली, नवा फोटो काढायचा, मोठ्या मशीनमध्ये घालून, आणि कंबरेचा नाही. त्याच्या खालचा. अगदी माकडहाडापर्यंत.

येताना विचारलं, काय सांगितलंस तिला?

"दुखतं तिथे दाखवलं."

"मग इतके दिवस काय दाखवत होतीस?"

घराचं कुलूप काढताना म्हणाली, "तुम्ही शेजारी उभे असायचात. समोर पुरुष डॉक्टर. तिथे हात लावून कसं दाखवायचं? म्हणून जरा वर धरला हात. तुम्ही लगेच म्हणालात, कंबर. मग मीही कंबरच म्हणायला लागले."

जरा वर. म्हणजे चार बोटं.

११ मार्च, मंगळवार

जन्मभर नळदुरुस्ती केली. गिऱ्हाईक भिंतीवरचा डाग दाखवून म्हणायचं, इथेच फोडा. मी म्हणायचो, ओल दिसते तिथे पाइप फुटलेला असतोच असं नाही, आधी मला वरपासून खालपर्यंत बघू द्या. अशाने किती भिंती वाचवल्या असतील. आणि घरात? पट्टा बांधला, शेक दिला, वजनं लावून ताणून झालं, पाठीत सुया टोचून झाल्या. सगळं कोरड्या भिंतीवर.

१४ मार्च, शुक्रवार

मशीनमध्ये धातूचं काही चालत नाही. हिची तारेची कवळी काढायला लावली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण कवळी बसवल्यापासून हिने ती माझ्यासमोर कधी काढलेली नाही. रोज न्हाणीघराची कडी लावून धुते. आज नर्सने रुमालात गुंडाळून ती सरळ माझ्या हातात दिली. ही दोन्ही हातांनी तोंड झाकून आत गेली.

मशीन आत ठोकाठोक केल्यासारखं वाजत होतं. मी रुमाल खिशात घातला, परत हातात घेतला, परत खिशात. खिशातून पडली तर? कुणाचा पाय पडला तर? नवीन करून मिळायला महिना जातो. हिच्या कण्याचं काय निघेल याचा घोर करायचा सोडून मी कवळीचा घोर करत बसलो.

१७ मार्च, सोमवार

गाठ आहे. मोसंब्याएवढी. माकडहाडाच्या वर जे रुंद हाड असतं, त्यात. हाड आतून खाल्लंय आणि ती पोटाच्या बाजूला फुगली आहे, म्हणून बाहेरून हाताला लागत नव्हती.

डॉक्टरीणबाईने मागच्या वर्षीचा कंबरेचा फोटोही दिव्यावर लावला. सगळे मणके ठीक. अगदी खालच्या काठाशी एक राखाडी सावली, नखाएवढी, आणि तिथे फोटो संपतो. बाई म्हणाली, "कंबरेचा सांगितला की फोटो इथपर्यंतच काढतात. त्यांनी सांगितलं तेवढं केलं."

सांगितलं कुणी? मी.

मी विचारलं, कॅन्सर का? म्हणाली, तुकडा तपासल्याशिवाय बोलणार नाही. जे बोलत नाहीत त्यांची भीती वाटते. जे बोलतात त्यांची त्याहून जास्त.

२० मार्च, गुरुवार

तुकडा काढला. सुई कुठून घालायची यावरसुद्धा ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर आणि फोटोवाले डॉक्टर आधी बोलत बसले. मी म्हटलं, सुईचं एवढं काय? डॉक्टरीणबाई म्हणाली, सुई परत येताना गाठीचे कण वाटेत सांडू शकतात. पुढे ऑपरेशन झालंच तर ती वाटही कापून काढायची असते. म्हणून मधोमध पाठीतून घालायची आणि त्या जागी खूण करून ठेवायची. दुसरीकडून घातली तर तिकडचंही सगळं काढावं लागतं.

तर हिच्या पाठीला आता एक निळा ठिपका आहे. मला पाहायला मिळाला नाही. नर्सने सांगितलं.

२१ मार्च

काही नाही. वाट.

२८ मार्च, शुक्रवार

नाव कळलं. कॉर्डोमा. मी कागदावर लिहून घेतलं, बाईने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे जमलं. कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. दहा लाखांत एखाद्याला होतो.

मी विचारलं, कशाने? जड उचलण्याने? पाणी भरण्याने? माझ्या मनात होतं, मी कुठे कमी पडलो का. बाई म्हणाली, "कशानेच नाही, आजोबा. आईच्या पोटात बाळाला कणा तयार होण्याआधी तिथे एक मऊ दोरी असते. तिच्याभोवती कणा होतो आणि दोरी विरून जाते. काहींच्यात तिचा थोडा अंश राहतो. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. आजींच्यात तो वाढायला लागला."

म्हणजे हिच्या जन्माच्या आधीपासूनचं. लग्नात ही माझ्या शेजारी उभी होती तेव्हाही ते तिच्यात होतं. मुलगा झाला तेव्हाही. मी भांडून जेवणाचं ताट सारलं असेल, तेव्हाही ते तिथे गप्प बसलं होतं.

संध्याकाळी अक्का आली. हिची थोरली बहीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहते. ऐकून आधी रडली, मग चहा ठेवला, मग माझ्यावर घसरली. "काय जावईबापू, दहा लाखांत एक निघाली की नाही आमची? आम्ही तेव्हाच सांगत होतो, अशी मुलगी शोधून सापडायची नाही. तुम्हांला पटायला डॉक्टर लागला." ही हसली. बसता येत नाही म्हणून कुशीवर पडून हसली. मला हसू आलं नाही. अक्काचं बरं आहे, तिला कुठेही हसता येतं.

३ एप्रिल, गुरुवार

दर गुरुवारी इस्पितळातले डॉक्टर एका खोलीत बसतात. कापणारे, किरण देणारे, फोटो वाचणारे, तुकडा काचेवर बघणारे. एकेकाची केस पडद्यावर लावून ठरवतात. पेशंटला आत घेत नाहीत. बाई म्हणाली, तुम्ही येऊ नका, मी फोन करेन. तरी गेलो. घरी बसून काय करणार?

कोर्टाबाहेर बसल्यासारखं झालं. चहाचे कप आत गेले. एकदा आत कुणीतरी मोठ्याने हसलं. पडद्यावर तेव्हा हिचा कणा होता की दुसऱ्या कुणाचा, देव जाणे.

मग मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. माणूस बरा. घाई केली नाही. म्हणाले, ही गाठ फोडून काढायची नसते. कच्चं अंडं उचलावं तशी, कवच न फुटता, भोवतीच्या हाडासकट अख्खी उचलायची. फुटली की सांडलेलं परत उगवतं. नेहमीची कॅन्सरची औषधं या गाठीला लागू पडत नाहीत. ज्या किरणांचा खरा उपयोग होतो त्यांचं मशीन इथे नाही. इथले किरण थोपवतील, काही काळ.

मी म्हटलं, मग काढा.

म्हणाले, "काढताना लघवीच्या आणि संडासच्या नसा जातील. त्या गाठीतच आहेत. नंतर आजींना काही कळणार नाही. दर काही तासांनी नळी घालून लघवी काढायची. संडास दुसऱ्याने हाताने करवायची. एक पाऊलही कमजोर होईल. आणि एवढं करून परत येणारच नाही, असं मी लिहून देणार नाही."

"नाही काढली तर?"

"सावकाश वाढेल. थांबणार नाही. त्या नसा शेवटी तीच खाईल. मग पाय. आणि दुखणं वाढत जाईल."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली वाटसुद्धा विहिरीतच जाते.

४ एप्रिल, शुक्रवार

मुलाशी फोनवर वाद. तो म्हणतो, आईला या वयात असं जगवायचं का? मी म्हटलं, असं म्हणजे कसं? तो म्हणाला, "बाबा, तुम्हांला कळतंय का, रोज काय काय करावं लागेल? कोण करणार?" मी म्हटलं, मी करणार. नळ्याच आहेत ना? आयुष्य नळ्यांतच गेलं माझं. तो म्हणाला, "आई म्हणजे मोरी नाही, बाबा." फोन ठेवला.

बरोबर बोलला. पण बापाला असं बोलतात?

हिला विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुम्ही ठरवाल ते," म्हणाली. जन्मभर हेच म्हणत आली. आधी मला ते फार आवडायचं.

७ एप्रिल, सोमवार

सांगायला गेलो की काढायची. बाईने मला परत बाहेर पाठवलं. या वेळी आधीच उठलो.

खूप वेळ लागला. सोबत आलेल्या अक्कालाही मधेच आत बोलावलं. मला नाही. बाकाचा दांडा धरून बसलो. शेवटी बाई स्वतः आली. "आजींनी हो म्हटलंय. सही त्यांनीच केली."

हिला सही येते हे मी विसरलोच होतो. बँकेतसुद्धा मीच पुढे होतो, ही मागे.

बाई म्हणाली, नळीचं वगैरे अक्का शिकून घेणार आहेत, आजींची तशी इच्छा आहे. मी म्हटलं, मला येतं की, मी शिकतो. बाई म्हणाली, "त्यांची इच्छा तशी आहे, आजोबा."

असू दे. दोन माणसं असलेली बरी.

१२ एप्रिल, शनिवार

न्हाणीघरात दोन दांडे बसवले, एक उभा, एक आडवा. हातात धरायचा फवारा लावला. कमोडची उंची वाढवली. भिंतीला भोकं पाडताना खांदा भरून आला, पूर्वी अशी कामं दिवसाला चार करायचो. बाहेरच्या खोलीत अक्कासाठी कॉट टाकली, खिडकीजवळ. ती रात्री घोरते, पण आता काय.

ही दारात उभी राहून बघून गेली. "छान झालंय," म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं, एखादा दांडा धरून बघेल.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी उजाडायच्या आधी आत नेली. कवळी आज अक्काच्या हातात.

दिवसभर. दुपारी एका बाईच्या नवऱ्याला बोलावलं, तो वाट बघण्यातून सुटला. आणखी एकाला बोलावलं, तोही सुटला. आम्हांला कुणी बोलावेना. मुलगा आला, माझ्या शेजारी बसला. अक्का बिस्किटं काढून म्हणाली, "खा जावईबापू, उपाशी राहून गाठ लवकर निघत नाही." मी म्हटलं, तुम्हांला काही वाटतं की नाही? म्हणाली, "वाटतं म्हणून तर खाते. नाहीतर इथेच आडवी होईन आणि तुम्हांला दोन बायकांचं करावं लागेल."

अंधार पडल्यावर मोठे डॉक्टर आले. डोळे लाल. "अख्खी निघाली. फुटली नाही."

मुलगा रडला. मी त्यांना विचारलं, पाणी प्यायलात का?

२३ एप्रिल, बुधवार

काचेतून पाहिली. नळ्याच नळ्या. मला नळ्यांची भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

२ मे, शुक्रवार

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट. सगळ्या कडा साफ आहेत, एक सोडून. वरची. तिथे गाठ आणि कापलेली जागा यांत केसाएवढं अंतर. मी विचारलं, केसाएवढं म्हणजे आहे ना? मोठे डॉक्टर म्हणाले, आहे, पण मला हवं तेवढं नाही. जखम भरली की किरण देऊ. मग दर सहा महिन्यांनी फोटो. जन्मभर.

म्हणजे संपलं नाही. फक्त पुढे ढकललं. हिला सांगितलं तर म्हणाली, "केसाएवढं तर केसाएवढं." पालथी झोपून सांगत होती, उशीत तोंड. मला तिचा चेहरा दिसला नाही. आजकाल दिसतच नाही.

९ मे, शुक्रवार

जखमेतून पाणी येतंय. परत टाके. डावं पाऊल उचलत नाही, घसटतं. दिवसातून चार-पाच वेळा पडदा ओढतात. अक्का आत, नर्स आत, मी पडद्याबाहेर. अक्काची कुरकूर ऐकू येते, "हलू नकोस गं, माझे हात काय सोनाराचे आहेत?" आणि हिचं बारीक हसणं. माझ्याशी ती असं हसत नाही. मी काही तसं बोलतही नाही म्हणा.

१६ मे, शुक्रवार

आज व्हायला नको ते झालं. अक्का घरी अंघोळीला गेली होती. नर्स दुसरीकडे, कुणाचं तरी जास्त झालं होतं. हिची चादर ओली झाली. वास आला. तिला कळलं नव्हतं, मला आधी कळलं. मी उठलो, स्वच्छ चादर घेतली, पडदा ओढला. म्हटलं, कूस बदल, मी करतो.

"नको."

म्हटलं, अगं, जखमेला लागेल, डॉक्टर काय म्हणाले, ओलं राहू द्यायचं नाही.

"नको. अक्काला येऊ दे."

मी चादरीचं टोक धरलं. तिने दोन्ही हातांनी ती घट्ट आवळली. अंगात जोर नाही, पण सुटेना. "तुम्ही बाहेर जा हो," म्हणाली. "पाया पडते, बाहेर जा."

हात सोडला. पडद्याबाहेर उभा राहिलो, नर्सला हाका मारत. सगळे वळून बघत होते. ती आत हुंदके देत होती, आवाज होऊ नये म्हणून उशी तोंडावर धरून. मी काय केलं असतं? धुतलंच असतं ना? मुलाला धुतलं, म्हाताऱ्या आईला शेवटी धुतलं. बायकोला धुवायला काय अवघड आहे?

पण तिला ते नको आहे. मरण चालेल, एक वेळ. हे नको.

२० मे, मंगळवार

शनिवारी सोडणार. घर झाडून घेतलं. कॉटवर नवी गादी.

२४ मे, शनिवार

सोडलं. अँब्युलन्सवाल्याने पत्ता विचारला. मी सांगणार तोच हिने सांगितला. अक्काचा.

मी म्हटलं, किती दिवस? ती म्हणाली, "आता तिथेच. डॉक्टरीणबाईला तेव्हाच सांगितलं होतं, ऑपरेशन करा, पण नंतरचं मी यांच्याकडून करून घेणार नाही. त्याच अटीवर सही केली." अक्का खिडकीबाहेर बघत होती.

दारात उतरवून घेतल्यावर हिने मला जवळ बोलावलं. चेहरा नीट दिसला. "रोज या," म्हणाली. "पण चारनंतर. तोवर माझं सगळं आवरलेलं असेल."